अंगठ्याची साक्ष

सुपारीच्या डब्यातून सुपारीच निघावी, ही काही फार मोठी अपेक्षा नाही. पण काकांच्या घरी तीही करता येत नसे. त्यांच्या पितळी डब्यात सुपारीची खांडं, लवंगा, बडीशेप आणि लाउडस्पीकरच्या मशीनमधले रेझिस्टन्स एकत्र नांदत. रेझिस्टन्स म्हणजे विजेची वाट अडवणारी छोटी दांडकी. काही नुसती तपकिरी, काहींच्या अंगावर रंगीत पट्टे. यवतमाळच्या शाळेत मास्तरकी लागली आणि खोली मागायला मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा बोलता बोलता त्यांनी डबा पुढे केला. मी न पाहताच एक तुकडा उचलून दाढेखाली धरला. कडकन आवाज झाला.

"माफ करा," मी म्हणालो.

काका माझ्याकडे पाहतच राहिले. "कोनाची माफी मागून राह्यला? माही, का त्याची?"

"दोघांचीही," मी म्हणालो, आणि ते मी मनापासून म्हणालो होतो.

"अवो, ऐकलं का," त्यांनी आत हाक मारली, "या मास्तरले ठेवून घेऊ. दात त्याचा गेला, अन् माफीबी तोच मागते."

"आधी दात पाहा त्याचा," आतून काकूंचा आवाज आला. "अन् तो डबा हिरीत टाका म्हनलं, कितीदा सांगतलं!"

दात गेला नव्हता, नुसता टवका उडाला होता. आजही जीभ तिथं गेली की मला काका आठवतात. मला वाटतं, त्यांनी माझ्या अंगावर ठेवलेली ती पहिली खूण. दुसरी उजव्या अंगठ्यावर आहे. तिच्याबद्दल पुढे येईलच.

काकांचं चित्र काढायचं तर माझा स्वभाव थोडा सांगावा लागतो. जगात जे जे बिघडतं ते आपल्यामुळे, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. वर्गात मुलगा नापास झाला की मी शिकवायला कमी पडलो. मी ज्या एस.टी.त बसलो ती बंद पडली, तर उतरून लोटायला सर्वांत आधी मी. शेजारच्या घरी दूध नासलं, तरी मी सकाळी त्या दारावरून गेलो होतो का ते आठवून पाहत असे. लोक याला सज्जनपणा म्हणत. काका म्हणत नसत. ते याला काय म्हणत, हे सांगायलाच तर मी लिहायला बसलो आहे.

काकांचा खरा धंदा कापसाचा. सरकी वेगळी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये ते कापूस पारखायला होते. गाडी आली की बोंडातला चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, पुन्हा जोडून पुन्हा ओढायचा आणि धागा किती लांब आहे ते सांगायचं. आयुष्यभर दोन अंगठ्यांवर भाकर खाल्लेला माणूस. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट अंगठ्याला कळते, अशी त्यांची पक्की समजूत. शेतकऱ्याशी हुज्जत झाली की ते हातातला कापूस पुढे करून म्हणत, "मले नको विचारू बाप्पा, अंगठ्याले विचार. त्याले कोनाची भीड नाई."

हंगाम संपला की ते लाउडस्पीकर भाड्याने देत. मशीन स्वतः बांधलेलं. बसकं, काळं, लोखंडी पेटीतलं. दोन भोंगे, एक मायक्रोफोन, एक तबकडी वाजवायचं यंत्र. बाभुळगावपासून उमरखेडपर्यंत त्यांचे भोंगे लग्नांत झाडावर चढलेले असत. गावात वीज नसली तर पेट्रोलवर चालणारं एक छोटं इंजिनही ते बरोबर नेत. मशीन कधी बंद पडत नाही अशी त्यांची ख्याती होती. आवाज मात्र फार मोठा नसे, आणि तो मोठा करा म्हटलेलं त्यांना अजिबात खपत नसे.

बाभुळगावच्या एका लग्नात नवऱ्या मुलाचा मामा त्यांच्यामागे लागला. "काका, आवाज वाढवा ना. पलीकडच्या गावात गेला पाह्यजे."

"त्या गावाले आवतन देल्लं का लग्नाचं?"

"नाई."

"मंग ऐकवता कायले? जेवाले नाई बोलावलं, अन् नुसती सनई ऐकवून जीव जाळता का त्याहिचा?"

मामा मांडवात परत गेला. काका मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वाढवला असता तर जावा भांडल्या असत्या."

या जावा म्हणजे काय, ते सांगतो. मी मराठीचा मास्तर, मला विजेतलं काही कळत नाही. काकांनी सांगितलं तेवढंच मला माहीत. त्यांच्या मशीनमध्ये शेवटाला दोन मोठे काचेचे व्हॉल्व्ह असत. आवाज भोंग्यापर्यंत ढकलायचं काम त्या दोघांचं. एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो, दुसरा ओढतो तेव्हा पहिला सोडतो. काका त्यांना जावा म्हणत. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोन जावा. एक थोरली, एक धाकटी. दोघींनी सारखा जोर लावला तर पीठ बारीक येतं. एकीने जास्त ओढलं तर घर घुमतं. भोंग्यातून घुंऽऽ असा आवाज यायला लागला, की काका म्हणत, "लागल्या जावा भांडाले."

दुकानात म्हणे अशा व्हॉल्व्हच्या जुळवून ठेवलेल्या जोड्या मिळतात. पण त्या मुंबईला, फार तर नागपूरला. "आपल्या यवतमाळात जुळलेली जोडी कोनं पाह्यली?" असं काका विचारत, आणि स्वयंपाकघरातून काकू न चुकता उत्तर देत, "म्या तर नाई पाह्यली बाप्पा."

तेव्हा जोडी जुळवून घ्यावी लागे, आणि ती जुळवण्याची काकांची जागा म्हणजे स्क्रीन. व्हॉल्व्हच्या पोटात मधोमध बारीक तारेची एक जाळी असते, तिला स्क्रीन म्हणतात. काका तिला व्हॉल्व्हचं मन म्हणत. तिला वीज लागते, पण बेताने. म्हणून तिच्या वाटेत एक रेझिस्टन्स बसवायचा. तो फार मोठा बसवला तर व्हॉल्व्ह उपाशी राहतो, आवाज रोडावतो. फार लहान बसवला तर जोराचा आवाज आला की जाळी हावऱ्यासारखी वीज खाते, लाल होते आणि व्हॉल्व्ह मरतो. सगळे लाउडस्पीकरवाले दोन्ही जाळ्यांना एकसारखे रेझिस्टन्स लावून मोकळे होत. काका दोघींना वेगवेगळे लावत. हावरीला मोठा, साधीला लहान. "दोघी सुनांले सारख्याच भाकरी वाढल्या म्हंजे न्याय झाला असं नाई," ते म्हणत. "एकीची भूक मोठी असते. सासूले हे समजलं पाह्यजे."

कोणती हावरी, हे समजायचं कसं? त्यांच्याकडे मीटर होता. तो काकूंच्या जुन्या रेशमी खणात गुंडाळून कपाटात ठेवलेला असे आणि पाहुण्यासारखा सणावारी बाहेर येई. "मीटर आकडा सांगते," काका म्हणत, "स्वभाव नाई सांगत." स्वभाव सांगे अंगठा.

त्याची रीत अशी. आधी दोघींना सारखे रेझिस्टन्स लावायचे. मग एक तबकडी पूर्ण जोरात वाजवायची. मग मशीन बंद. मग पेचकसाने आतल्या एका जागी टोचून उरलेली वीज बाहेर काढायची. टक् असा आवाज होऊन ठिणगी उडे. ती उडाल्याखेरीज आत हात घालायचा नाही, हा नियम त्यांनी कधीच मोडला नाही. "चाबूक आहे तो. एक फटका बसला का मानूस उरत नाई." आणि मग दोन माणसांनी दोन रेझिस्टन्सवर एकदमच अंगठे ठेवायचे आणि तेराचा पाढा म्हणायचा. ज्याला आधी चटका असह्य होईल, त्याचा रेझिस्टन्स जास्त तापलेला. म्हणजे त्याच्यामागची जाळी जास्त हावरी.

तेराचाच का, असं मी विचारलं होतं. "बाराचा लय सोपा, ध्यान ऱ्हात नाई. चौदाचा मले येत नाई."

दोन माणसं लागत, कारण काकांचा डावा अंगठा मशीनच्या तारांना तापल्या कथलाचा डाख देऊन देऊन मेला होता. त्याला काही कळत नसे. आणि उजव्यानेच आधी एक, मग दुसरा पाहावा, तर त्यावर त्यांचं म्हणणं, "एकदा पोयलेला अंगठा दुसऱ्यांदा खरी साक्ष देत नाई. भेलेला असते." पूर्वी दुसरा अंगठा काकूंचा असे. पण त्यांनी आयुष्यभर तव्यावरची भाकर बोटांनी उलटली होती. पाढा तेरा दाहे तिसासेवर, म्हणजे एकशेतीसवर, पोचला तरी त्यांचा अंगठा जागचा हलत नसे. वर त्या विचारत, "झालं का? माही भाजी करपून राह्यली." तो अंगठाही बाद झाला. मी राहायला आल्यावर माझा आला.

रेझिस्टन्सच्या अंगावरचे रंग म्हणजे तो किती ओहमचा त्याचे आकडे, हेही मला काकांनीच शिकवलं. त्यांना ते इतके पाठ होते की बाजारात बांगड्यांची दुकानं पाहत ते आकडे पुटपुटत चालत. एका दिवाळीला त्यांनी काकूंसाठी पातळ आणलं. अंग तपकिरी, काठ काळा, पदर लाल. काकूंनी उलटंपालटं करून पाहिलं. "असे रंग कुठं असतेत का?"

"हजार ओहम आहे," काका कौतुकाने म्हणाले.

काकूंनी ते पातळ पाडव्याला नेसलं, आणि मग त्याची गोधडी झाली. गोधडी माझ्या खाटेवर आली. ते पातळ माझ्यामुळे तर गोधडीत गेलं नाही ना, अशी शंका मला थंडीभर येत होती.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडलं होतं. मी शाळेत तात्पुरता होतो. उमरखेडच्या एका मुलीशी माझं बोलणं चाललं होतं. मुलगी मला पसंत होती, मी तिला होतो की नाही हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. पण तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "कायम झाले का कळवा. तात्पुरत्या मास्तरला मुलगी देऊन आम्ही काय तात्पुरते सासरे व्हायचं?"

आणि मी कायम होत नव्हतो. कारण आदल्या वर्षीचं गॅदरिंग. त्या वर्षी शाळेने दुसऱ्याच एका माणसाचा लाउडस्पीकर लावला होता. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि पाचेक वाक्यांतच भोंगा मेला. पाहुण्यांचे ओठ हलत राहिले, मुलं हसली, पाहुणे रागावून बसले. हेडमास्तर मागे आले आणि गरजले, "कोणाची चूक आहे ही?" लाउडस्पीकरवाला खाली पाहत होता. मायक्रोफोनपाशी पाण्याचा तांब्या ठेवण्यापलीकडे मी काहीच केलं नव्हतं. पण एवढ्या मोठ्यांदा विचारलेल्या प्रश्नाला कुणीच उत्तर देत नाही हे मला सहन होईना. "माझी, सर," मी म्हणालो.

हेडमास्तर सरळ माणूस. माझी म्हटल्यावर त्यांनी ती माझीच मानली. माझं कायम होणं एक वर्ष पुढे गेलं. या वर्षी गॅदरिंगची सगळी जबाबदारी मुद्दाम माझ्यावर दिली, आणि म्हणाले, "हे नीट पार पडलं तर पाहू. नाही तर पुढल्या जूनपासून दुसरी जागा शोधा."

मी अर्थातच काकांचं मशीन सांगितलं. काका खूष. भोंगे पुसून ठेवले, दोन्ही जावा मशीनमधून काढून, पुसून फळीवर ठेवल्या. आणि गॅदरिंगच्या आदल्या दिवशी मी शाळेत असताना काकूंचं मांजर फळीवर चढलं, त्याने धाकटीला धक्का दिला आणि ती खाली पडून फुटली.

मी घरी आलो तेव्हा काका काचा गोळा करत होते.

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अरे, तू तं शायेत होता ना?"

"मी रोज त्याला दूध घालतो. म्हणून ते इकडे रमलं."

काका उकिडवे बसूनच हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "पाहा, पाहा! मांजर खाऊन-पिऊन निवांत झोपलं, अन् हा फासावर चढाले तयार!" मग उठले, आणि कोपऱ्यातल्या पेटीतून कागदात गुंडाळलेला एक नवा व्हॉल्व्ह काढला. "ही नवी सून. थोरलीसंग हिची गाठ कधी पडली नाई. आता जुयवा लागते. ये मास्तर, अंगठा आन."

संध्याकाळ होती. शेजारी कुणी आजारी होतं, म्हणून तबकडी थोडा वेळच जोरात वाजवली. मशीन बंद केलं, टक् करून ठिणगी उडाली. काकांनी आपला अंगठा नव्या धाकटीच्या रेझिस्टन्सवर ठेवला, मी थोरलीच्या. पाढा सुरू झाला.

तेरा दुणेलाच मला चटका कळला. तेरा चोकला डोळ्यांत पाणी आलं. पण माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहितो. मांजराला दूध मी घातलं. गॅदरिंग माझं. काका माझ्यासाठी एवढं करत आहेत. आणि आता मीच आधी हात काढू? ते मला कामचुकारपणाचं वाटलं. मी दात आवळून तेरा पाचे पासष्ट म्हटलं. तेरा साती एक्क्याण्णवला काकांनी हुश्श करून हात काढला. मी मात्र तिसासेपर्यंत गेलो.

"बस्स, कयलं!" काका म्हणाले. "नवी सून हावरी. थोरली बिचारी थंडगार." आणि त्यांनी मोठा रेझिस्टन्स धाकटीला लावला, लहान थोरलीला. मी हात धोतरात लपवला. आपण काहीतरी चांगलं केलं, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात भोंगे कडुलिंबावर चढले. रंगीत तालीम होती. तबकडी लावली, आवाज पूर्ण सोडला. क्षणभर छान वाजलं. मग घुंऽऽ सुरू झालं. काकांनी पेटीत डोकावून पाहिलं आणि झेप घालून बटन बंद केलं.

"लाल झाल्ती," ते म्हणाले. "थोरली लाल झाल्ती! अशी कशी?"

नेमके त्याच वेळी हेडमास्तर आले. भोंगा गप्प, काका पेटीत वाकलेले, मी बाजूला उभा. "काय झालं? पुन्हा?"

त्या 'पुन्हा'त मला उमरखेड, जून, दुसरी जागा, सगळं एकदम दिसलं. आणि तोंडातून सवयीने निघालं, "चूक माझी आहे, सर."

"थांब," काका म्हणाले. ते माझ्याकडे रोखून पाहत होते. "अंगठा दाखव."

"काही नाही, काका."

"दाखव म्हनतो ना!"

मी हात पुढे केला. अंगठ्यावर सुपारीएवढा फोड आला होता. काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला. मी त्यांना तसं रागावलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"तुहा अंगठा खोटं बोलला, मास्तर! पोयत होतं अन् तू धरून बसला? काहून?"

"मला वाटलं, आधी काढला तर..."

"अरे, तुही सहनशक्ती कोनं मागतली होती? मले खरं पाह्यजे होतं! तू गुमान सोसलं, अन् मी थोरलीले गरीब समजलो. लहान रेझिस्टन्स लावून देल्ला हावरीले. आत्ता मेली असती ती. तुह्या सोसन्यानं मेली असती!"

हेडमास्तर एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होते. "अंगठ्याचा इथे काय संबंध?"

काकांना एकदम काहीतरी सुचलं. त्यांनी बाक पुढे ओढला. "सायेब, बसा. पाढा येते ना?"

"मी गणिताचा पदवीधर आहे."

"मंग तेराचा तं येतच असन."

काकांनी दोघींना पुन्हा सारखे रेझिस्टन्स डाखले. तबकडी जोरात वाजवली, जाळीवर डोळा ठेवून. लाली दिसायच्या आत बंद. टक्. आणि हेडमास्तरांचा अंगठा धरून त्यांनी थोरलीच्या रेझिस्टन्सवर टेकवला, आपला धाकटीच्या.

"म्हना."

हेडमास्तरांनी वर्गात म्हणावा तसा खणखणीत आवाज काढला. "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वी... आई गं!"

हात असा उडाला की टोपी खाली पडली. पटांगणात नाचाची तालीम करणाऱ्या मुली थांबून पाहू लागल्या. काका मात्र आनंदाने जागच्या जागी डोलत होते. "याले म्हंतात साक्ष! हा खरा अंगठा! सायेब, तुमच्यासारखा अंगठा अख्ख्या जिल्ह्यात नाई!" स्वतःचा अंगठा त्यांनी तसाच ठेवून पाढा एकट्यानेच पुढे नेला आणि तेरा साती एक्क्याण्णवला सावकाश उचलला. "थोरली हावरी. आता कयलं."

ते खाली बसून रेझिस्टन्स बदलायला लागले. हेडमास्तर अंगठा फुंकत उभे होते. अंगठा फुंकता फुंकता त्यांची नजर माझ्या फोडावर गेली.

"मास्तर, हे तुम्ही किती वेळ धरलं होतं?"

"पूर्ण पाढा, सर."

"पूर्ण?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "का पण?"

उत्तर काकांनी मान न उचलता दिलं. "तो असाच आहे जी. काल मांजरानं व्हॉल्व्ह पाडला, त्याची माफीबी यानंच मागतली. हा तवा तुमच्या शायेत शिकवून राह्यला होता."

हेडमास्तरांनी अंगठा फुंकायचा थांबवला. डाखाचा धूर तेवढा वर जात होता. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे गेल्या वर्षी...?"

"गेल्या वर्षी मी पुढंच बसलो होतो, ऐकाले," काका म्हणाले. "पाहुने बोलत होते, तवा मांगून 'आवाज वाढवा, आवाज वाढवा' म्हून कोन वरडलं होतं, सायेब?"

हेडमास्तरांनी वाकून टोपी उचलली, झटकली, डोक्यावर नीट बसवली. "मी," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, जरा चिडूनच, "मग तुम्ही तेव्हा बोलला का नाही?"

"चूक..." मी सुरुवात केली.

"खबरदार!" दोघंही एकदम म्हणाले.

संध्याकाळी गॅदरिंग झालं. दोन्ही जावा गुण्यागोविंदाने दळत होत्या. पाहुणे बोलायला उभे राहिले तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आवाज वाढवा!" हेडमास्तर ताडकन उठले, पाहुण्यांची क्षमा मागून मायक्रोफोनपाशी गेले, आणि कापड बांधलेला अंगठा उंच करून म्हणाले, "आवाज वाढणार नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी पुढे येऊन बसावं." लोक सतरंज्या उचलून पुढे आले. काका पेटीमागे बसून सुपारी चघळत होते. निदान मी तरी ती सुपारी समजलो.

जूनमध्ये मी कायम झालो. उमरखेडला लग्न लागलं तेव्हा आंब्याच्या झाडावर काकांचे भोंगे होते, आणि आवाज मांडवाबाहेर फारसा जात नव्हता. मंगलाष्टकं संपल्यावर काका माझ्या बायकोपाशी गेले. नवी नवरी, मान खाली घातलेली. तिला म्हणाले, "पोरी, याच्या स्क्रीनले रेझिस्टन्सच नाई. सगया घरचा करंट अंगावर घेते अन् लाल होते. तूच काही बसव." तिला एक अक्षर कळलं नाही. पण हळूहळू कळलं. आमच्या घरी मी विनाकारण माफी मागायला लागलो की ती अजूनही भाजी चिरता चिरता म्हणते, "तेरा एके तेरा."

पुढे माझी बदली झाली, मुलं झाली, यवतमाळ सुटलं. काकांना भेटायला जायचं दर वर्षी ठरे आणि दर वर्षी राही. याचं मला किती वाईट वाटत होतं, ते माझा स्वभाव सांगितल्यावर वेगळं सांगायला नको. शेवटी एका उन्हाळ्यात गेलो. काका खाटेवर बसलेले. बारीक झाले होते, डोळ्यांना कमी दिसत होतं. व्हॉल्व्हचं मशीन कोपऱ्यात होतं, त्यावर घडी केलेलं धोतर ठेवलेलं. हाताशी एक चिमुकला ट्रान्झिस्टर. "यात जावाबी नाईत अन् सासूबी," ते म्हणाले. "नुसताच बोलते. पन चांगला बोलते."

मी वाटेतच ठरवून ठेवलं होतं ते बोलायला लागलो. इतकी वर्षं आलो नाही, खुशाली विचारली नाही, तुमचे उपकार विसरलो...

मधेच काकूंनी चहाचा पेला माझ्या हातात दिला. पितळी, काठोकाठ भरलेला, नुकता चुलीवरून उतरलेला. बोटं भाजत होती. पण काकूंनी या वयात माझ्यासाठी चूल पेटवलेली, आणि मी तो पेला खाली ठेवणार? मी तो तसाच धरून बोलत राहिलो.

काका डोळे बारीक करून पाहत होते. चेहरा त्यांना दिसत नसावा, पण पेला कसा धरला आहे ते दिसत असावं. हळूच, जवळजवळ गुणगुणत, त्यांनी सुरुवात केली.

"तेरा एके तेरा..."

मी थांबलो.

"तेरा दुणे..."

मी पेला खाली टेकवला. घाईत टेकवला, म्हणून अर्धा चहा जमिनीवर सांडला.

"हाऽऽ!" काका मांडीवर थाप मारून म्हणाले. "आता खरं बोलला!"

"अवो, पन माह्या सारवलेल्या जमिनीचं काय झालं पाहा," काकू म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. काकांनी एक बोट वर उचललं आणि मान कलती करून, कान देऊन, वाट पाहत बसले. खाटेखालून एक मांजर निघालं, सांडलेला चहा हुंगून चाटायला लागलं.

मी तोंड मिटलं, आणि काकूंकडे दुसरा चहा मागितला.